आरोग्यसेवेतील व्यावसायिक वर्तन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील रुग्णालयांत आणि दवाखान्यांत नव्याने रुजू होणारे इंटर्न, परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते आणि वॉर्डातील कर्मचारी जे प्रश्न सातत्याने विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; जेथे विषय एकमेकांत मिसळतात तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रत्यक्ष चालू असलेल्या प्रकरणात मात्र वकिलाचा सल्ला घ्यावा.

१. व्यावसायिक वर्तन म्हणजे नेमके काय? वेळेवर येणे आणि नीट बोलणे एवढेच ना?

ते त्याचे सर्वांत बाहेरचे आवरण झाले. रुग्ण अनोळखी माणसासमोर कपडे उतरवतो, घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगतो आणि भूल घेऊन स्वतःचे शरीर दुसऱ्याच्या हाती सोपवतो. इतका अधिकार अन्य कोणत्याही व्यवसायात इतक्या सहज मिळत नाही. त्या अधिकाराला घातलेली मर्यादा म्हणजे व्यावसायिक वर्तन. २००२ मध्ये अमेरिका आणि युरोपमधील वैद्यकीय संस्थांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या सनदेत यासाठी तीन तत्त्वे मांडली आहेत: रुग्णाचे हित प्रथम, रुग्णाचा स्वतःविषयी निर्णय घेण्याचा अधिकार, आणि सेवेच्या वाटपातील न्याय. आपल्याकडे पहिल्या तत्त्वाविषयी सारे बोलतात; दुसरे नातेवाइकांच्या गर्दीत हरवते आणि तिसरे ओपीडीच्या रांगेत.

२. मी डॉक्टर नाही, वॉर्डात मावशी म्हणून काम करते. हे नियम मला लागू होतात का?

होतात, फक्त त्यांचा आधार वेगळा असतो. डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारविषयक विनियम लागू आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम आणले होते, परंतु ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चे विनियम पुन्हा लागू झाले. परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते, औषधनिर्मात्यांसाठी २०१५ चे विनियम आहेत, आणि फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आदींसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला.

मावशी, मामा आणि वॉर्डबॉय यांची परिषद नाही. त्यांना संस्थेचे सेवानियम बांधून ठेवतात. तरीही रुग्णाचे सर्वाधिक उघडेपण त्यांनाच दिसते. बेडपॅन देताना, अंग पुसताना, स्ट्रेचर ढकलताना रुग्णाची लाज राखली जाते की नाही, हे राउंडवर पाच मिनिटे येणाऱ्या वरिष्ठांवर अवलंबून नसते. प्रसूतिकक्षाबाहेर मुलगा झाला म्हणून मागितले जाणारे बक्षीस, आणि मुलगी झाली की त्याच तोंडून निघणारा सुस्कारा, ही दोन्ही वर्तने या पानाच्या कक्षेत येतात. (भेटवस्तूंसाठी प्रश्न १० पाहा.)

३. ॲप्रन आणि ओळखपत्र यांचा आग्रह कशासाठी?

समोरची व्यक्ती कोण आहे हे कळण्याचा रुग्णाला अधिकार आहे म्हणून. विद्यार्थ्याने स्वतःची ओळख विद्यार्थी म्हणूनच करून द्यावी. ॲप्रन घालून कँटीनमध्ये जाणे मात्र संसर्गाच्या दृष्टीने अयोग्य आहे.

४. ओपीडीत एका सकाळी शंभराहून अधिक केसपेपर असतात. प्रत्येकाशी सौजन्याने वागायला वेळ कोठून आणायचा?

वेळ नसतो हे खरे आहे, आणि मनुष्यबळाचा तुटवडा कर्मचाऱ्याच्या गोड बोलण्याने भरून निघत नाही. परंतु रुग्णाचा मान राखण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टींना वेळ लागतच नाही. पडदा ओढायला दोन सेकंद लागतात. टेबलाभोवती सहा जण उभे असताना बाईला पाळीची तारीख मोठ्याने विचारण्याऐवजी आवाज खाली आणता येतो. पुढे कोठे जायचे, रिपोर्ट कोणत्या दिवशी मिळेल, हे एका वाक्यात सांगितले तर परळला कर्जतहून आलेल्या माणसाची एक फेरी वाचते.

यातच संबोधनाचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते तो फार कमी चर्चिला जातो. खासगी रुग्णालयाच्या स्वतंत्र खोलीत "आपण जरा कूस बदलाल का" असे म्हणणारी व्यक्ती सार्वजनिक रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात साठ वर्षांच्या गृहस्थांना "ए, शर्ट काढ, झोप तिकडे" असे म्हणते. दोन्ही वाक्यांना सारखाच वेळ लागतो. एकेरीची सवय घाईमुळे लागली असती, तर ती नगरसेवकाच्या नातेवाइकासमोरही दिसली असती. आजी, काका, ताई ही संबोधने आपुलकीची आहेत आणि मुंबईत ती खपूनही जातात. मात्र ज्यांना ती नकोशी वाटतात त्यांना आडनावाने हाक मारावी, आणि क्रियापद सर्वांसाठी आदरार्थीच असावे.

५. फॉर्मवर सही घेतली म्हणजे संमती झाली का?

नाही. सही हा संमतीचा पुरावा आहे. संमती म्हणजे त्याआधी झालेले संभाषण. कोणता आजार आहे, कोणती प्रक्रिया करायची, तिचे धोके आणि पर्याय कोणते, आणि काहीच न केल्यास काय होईल, हे रुग्णाला समजणाऱ्या भाषेत सांगणे आवश्यक आहे. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दुर्बिणीतून तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्यासाठी चालत नाही. त्या प्रकरणात रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेण्यात आली होती. रुग्ण सज्ञान होती, तातडीने जीव वाचवण्याची वेळ आलेली नव्हती, त्यामुळे ती संमती ग्राह्य धरली गेली नाही.

मुंबईत येथे भाषेची अडचण येते. भोजपुरी किंवा बंगाली बोलणाऱ्या रुग्णासाठी सोबतचा नातेवाईक दुभाषी होतो आणि त्याला योग्य वाटेल तेवढेच पुढे पोहोचवतो. शक्य असेल तेथे ती भाषा येणारा कर्मचारी किंवा वैद्यकीय समाजसेवक बोलवावा. नाजूक विषयांवर शाळकरी मुलाला दुभाषी करू नये.

६. पतीची सही नसेल तर स्त्रीवर उपचार करायचे नाहीत का?

शुद्धीवर असलेल्या सज्ञान व्यक्तीची स्वतःची संमती पुरेशी असते. गर्भपाताच्या कायद्यात तर केवळ त्या स्त्रीचीच संमती मागितली आहे. ती अठरा वर्षांखालील किंवा मानसिक आजाराने ग्रस्त असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. "नवऱ्याला घेऊन या" असे सांगून परत पाठवणे हा स्वतःच्या बचावासाठी रुग्णावर टाकलेला बोजा आहे.

७. कर्करोगाचे निदान झाले आहे. मुलगा म्हणतो, "बाबांना सांगू नका, ते खचतील." कुणाचे ऐकायचे?

हा आमच्याकडे सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न आहे. कायद्याच्या आणि नीतीच्या दृष्टीने माहिती रुग्णाची आहे, आणि ती आधी नातेवाइकांना देऊन रुग्णाला मागे ठेवण्याची आपली प्रथाच मुळात उलटी आहे. तरीही मुलाला "हा त्यांचा अधिकार आहे" असे ऐकवून विषय संपवणे चुकीचे ठरेल. त्याचे वडिलांवर प्रेम आहे, खर्च बहुधा तोच उचलणार आहे, आणि पुढचे सहा महिने केमोथेरपीसाठी त्यांचा हात धरून तोच येणार आहे.

म्हणून प्रथम त्याला बसवून विचारावे की त्याला नेमकी कशाची भीती वाटते. अनेकदा उत्तर येते की शेजारच्या घरात असे सांगितल्यावर माणसाने जेवण सोडले होते. त्यानंतर रुग्णाला, शक्यतो एकांतात, साधा प्रश्न विचारावा: "तुमच्या तपासणीचा निकाल आला आहे, तो तुम्हाला स्वतःला सविस्तर जाणून घ्यायचा आहे, की मुलाशी बोलावे असे वाटते?" काही रुग्ण खरोखरच मुलाकडे बोट दाखवतात. न जाणण्याचा निर्णयही त्यांचाच असतो आणि तो नोंदवून ठेवावा. परंतु बरेच जण म्हणतात, "डॉक्टर, मला अंदाज आहेच." टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या आवारात पाऊल ठेवलेल्या माणसापासून आजाराचे नाव लपून राहते, हा समज भाबडा आहे, दाराबाहेरची पाटी तोही वाचतो. लपवाछपवीने भीती कमी होत नाही, ती एकट्याने सोसावी लागते.

रुग्णाने थेट विचारले तर खोटे बोलू नये. परिचारिकेला किंवा तंत्रज्ञाला विचारले गेल्यास "मी डॉक्टरांना तुमच्याशी सविस्तर बोलायला सांगते" हे उत्तर प्रामाणिक आहे. "काही नाही, साधी गाठ आहे" हे नाही. आणि मोठी बातमी राउंडच्या घोळक्यात, बेडच्या पायथ्याशी उभे राहून सांगू नये.

८. आमच्या चाळीतील शेजारी माझ्याच रुग्णालयात दाखल आहेत. घरचे रोज विचारतात, "काय झालंय त्यांना?" काय सांगावे?

"ते सांगता येणार नाही, तुम्ही त्यांनाच भेटा." एवढेच. विचारणारी स्वतःची आई असली तरीही. आपल्या देखरेखीखाली नसलेल्या ओळखीच्या व्यक्तीची फाइल कुतूहलापोटी उघडणे हादेखील गोपनीयतेचा भंग आहे. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये दोन सहकारी नाव न घेता रुग्णाविषयी बोलतात, तेव्हा बेड क्रमांक आणि वॉर्ड ऐकून ओळखणारा नातेवाईक शेजारीच उभा असू शकतो.

९. मग गोपनीयता कधी मोडता येते?

२००२ च्या विनियमांत तीन प्रसंग दिले आहेत: न्यायालयाचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर आणि निश्चित धोका, आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार. क्षयरोग २०१२ पासून या शेवटच्या गटात आहे. खासगी डॉक्टरांनीही तो कळवायचा असतो, मात्र तो आरोग्य यंत्रणेला. सोसायटीच्या सचिवाला किंवा रुग्णाच्या मालकाला नव्हे.

एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो अधिक कडक आहे. जोडीदाराला माहिती देण्याची मुभा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना आहे, तीही जोडीदाराला खरोखर धोका असेल, रुग्णाला समुपदेशन देऊनही तो स्वतः सांगणार नाही अशी खात्री झाली असेल आणि आपण सांगणार असल्याचे त्याला आधी कळवले असेल तेव्हाच. स्त्रीला त्यामुळे मारहाण किंवा घराबाहेर काढले जाण्याचा धोका असल्यास हा मार्ग वापरू नये. केसपेपरवर लाल शाईने खूण करणे किंवा बेडवर चिठ्ठी लावणे कोणत्याही अपवादात बसत नाही. हातमोजे आणि सुईची काळजी सर्वच रुग्णांसाठी सारखी घ्यायची असल्यामुळे त्या खुणेचा वैद्यकीय उपयोगही नाही.

१०. बरा झालेला रुग्ण पेढे घेऊन आला. घ्यावेत का? आणि औषध कंपनीची डायरी?

पेढे सगळ्या वॉर्डात वाटून टाकावेत. त्याने कुणाचा निर्णय बदलत नाही. रोख रक्कम घेऊ नये, आणि सरकारी किंवा महापालिकेच्या सेवेत असल्यास ती लाच ठरू शकते. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, आदरातिथ्य किंवा रोख रक्कम स्वीकारण्यास डॉक्टरांना विनियमांतील २००९ च्या दुरुस्तीने मनाई आहे.

११. "सगळेच कट देतात, न घेतला तर रुग्ण कोण पाठवणार?"

रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे आणि घेणे, दोन्ही २००२ च्या विनियमांनुसार गैरवर्तन आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार करून घेतला होता. या प्रश्नातील अडचण खोटी नाही. उपनगरात नवा दवाखाना किंवा लॅब टाकणाऱ्याला भाडे आणि कर्जाचा हप्ता चुकत नाही. परंतु कटाची रक्कम शेवटी रुग्णाच्या बिलातूनच येते, आणि अनेकदा अनावश्यक सीटी स्कॅनच्या रूपाने त्याच्या शरीरातूनही. कट नाकारणाऱ्या डॉक्टरांचा जम उशिरा बसतो, हे मान्य करूनच हा नियम पाळावा लागतो.

१२. ओळखीच्या माणसाला मागील तारखेचे सिक सर्टिफिकेट दिले तर काय बिघडते?

खोटे प्रमाणपत्र देणे हे डॉक्टरांच्या नोंदवहीतून नाव काढले जाण्यास पुरेसे कारण आहे. रुग्ण आजारपणानंतर प्रथमच आला असेल तर आजची तारीख घालून "रुग्णाच्या सांगण्यानुसार अमुक दिवसांपासून ताप" असे लिहिता येते. ते खरे असते.

१३. निवासी डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटावर एक्स-रे किंवा जखमेचा फोटो टाकता येतो का? ऑपरेशन थिएटरमधील रील?

उपचारासाठी वरिष्ठांचे मत हवे असेल तर नाव, नोंदणी क्रमांक, चेहरा आणि ओळखता येणारे गोंदण झाकून, संबंधित लोकांनाच पाठवावा आणि काम झाल्यावर फोनमधून काढून टाकावा. ओळख पटू शकेल असे छायाचित्र परवानगीशिवाय प्रसिद्ध करण्यास २००२ च्या विनियमांत मनाई आहे. रीलचा प्रश्न सोपा आहे: भुलेखाली असलेला माणूस तुमच्या चित्रणातील नेपथ्य नव्हे. रुग्ण दिसत नसला तरी त्या वेळेत लक्ष कोठे असायला हवे होते, हा प्रश्न उरतोच.

१४. औषधाचा चुकीचा डोस दिला गेला, रुग्णाला काही झाले नाही. तरी सांगायचे?

होय. आधी रुग्ण सुरक्षित आहे याची खात्री करावी, लगेच वरिष्ठांना कळवावे, जे घडले ते घडल्या वेळेसह नोंदवावे, आणि मग रुग्णाला साध्या शब्दांत सांगावे. जुनी नोंद खोडून नवी लिहू नये. दुरुस्ती करायची असेल तर एक रेघ मारून, सही व वेळ घालून करावी. फौजदारी खटल्याची भीती येथे अनेकांना गप्प करते. जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा अत्यंत गंभीर स्वरूपाचा असावा लागतो असे म्हटले आहे. प्रामाणिक चुकीपेक्षा बदललेला केसपेपर न्यायालयात अधिक अंगाशी येतो.

१५. वरिष्ठ डॉक्टर दारू पिऊन ड्यूटीवर आले आहेत. मी ज्युनिअर आहे; मी काय करणार?

त्या क्षणी एकच काम आहे: रुग्णाला त्यांच्या हाती जाऊ न देणे. युनिटमधील दुसऱ्या वरिष्ठांना किंवा ड्यूटीवरील वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करावा आणि पाहिले तेवढेच सांगावे. चर्चा, समजूत आणि लेखी तक्रार नंतर. वॉर्डात रुग्णांसमोर त्यांचा अपमान करण्याची गरज नाही. श्रेणीचा दबाव मोठा असतो हे आम्ही जाणतो. म्हणूनच ज्युनिअरांनी किंवा परिचारिकांनी दिलेल्या अशा सूचनेला संस्थेने संरक्षण दिले पाहिजे.

१६. त्रास देणाऱ्या रुग्णाला नकार देता येतो का?

तातडीच्या स्थितीत नाही. परमानंद कटारा प्रकरणाच्या (१९८९) निकालापासून हे स्पष्ट आहे की जीव वाचवणे आधी, पोलिसांची कागदपत्रे नंतर, आणि हे खासगी डॉक्टरांनाही लागू आहे. एरवी डॉक्टरांना रुग्ण निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, परंतु सुरू केलेला उपचार पुरेशी सूचना न देता सोडता येत नाही. नातेवाइकांनी हिंसा केल्यास महाराष्ट्राचा २०१० चा कायदा परिचारिका आणि विद्यार्थी यांनाही संरक्षण देतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

१७. बिल थकले आहे. फाइल किंवा मृतदेह अडवून ठेवता येतो का?

दोन्ही नाही. आंतररुग्णाची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावी लागतात. थकीत रकमेसाठी मृतदेह अडवण्यास राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांत मनाई आहे. वसुलीचे कायदेशीर मार्ग वेगळे आहेत.

१८. सतरा वर्षांची मुलगी आईसोबत गर्भपातासाठी आली आहे. पोलिसांत नाव जाऊ नये अशी दोघींची विनंती आहे. गोपनीयता की तक्रार?

प्रश्न ९ मधील अपवादांना येथे आणखी एक गुंता जोडला जातो. अठरा वर्षांखालील मुलीचा लैंगिक संबंध, तिची इच्छा असली तरी, पोक्सो कायद्याखाली (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) येतो आणि तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. या भीतीने अनेक मुली अप्रशिक्षित व्यक्तींकडे जात. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातून मार्ग काढला: मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास गर्भपातासाठी आलेल्या मुलीचे नाव व ओळख पटवणारे तपशील डॉक्टरांना त्या माहितीत उघड करण्याची गरज नाही. म्हणजे कळवायचे, पण नावाशिवाय. मुलगी आईसमोर मोकळी बोलत नसेल तर तिच्याशी एकांतात बोलावे. संबंध घरातीलच कुणाशी लादलेला असण्याची शक्यता त्याशिवाय समोर येत नाही.

१९. बेशुद्ध किंवा कधीच बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत शिष्टाचार कुणासाठी पाळायचा?

त्याच्यासाठीच. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्यांची देखभाल त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी केली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली; इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नव्हता. शय्याव्रण टाळायचे म्हणजे ठरावीक तासांनी कूस बदलायची, चादर कोरडी ठेवायची, त्वचा तपासायची. रुग्ण आभार मानणार नाही आणि तक्रारही करणार नाही, अशा ठिकाणी हे काम रात्रपाळीतही होते की नाही, यावरून वॉर्ड ओळखावा.

२०. सलग छत्तीस तास ड्यूटी केल्यावर वर्तन कसे सांभाळायचे? आणि संपावर जाणे अव्यावसायिक आहे का?

निवासी डॉक्टरांसाठीच्या १९९२ च्या केंद्रीय योजनेत सलग काम सर्वसाधारणपणे १२ तासांहून अधिक नसावे असे म्हटले आहे. प्रत्यक्ष स्थिती सर्वांना ठाऊक आहे. डॉक्टर घेतात त्या जिनिव्हा प्रतिज्ञेत २०१७ मध्ये स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्याचे वचन जोडले गेले, ते योग्यच झाले. डोळे मिटत असताना इंजेक्शनचा डोस मोजायचा असेल तर दुसऱ्याकडून तपासून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

संपाविषयी मते भिन्न आहेत. आमचे मत असे की मागणी रास्त असू शकते, पण अतिदक्षता, प्रसूती आणि कॅज्युअल्टी बंद ठेवण्याचे समर्थन होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील रुग्णालयात एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाल्यानंतर राज्यातील निवासी डॉक्टरांनी काम थांबवले तेव्हाही तातडीची सेवा सुरू ठेवली होती.

२१. लोकलमध्ये कुणी कोसळले. मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. पुढे व्हावे का?

व्हावे, आणि जेवढे शिकला आहात तेवढेच करावे. "मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे" असे सांगून श्वास आणि नाडी पाहावी, दोन्ही नसल्यास छातीवर दाब देणे सुरू करावे, गर्दी मागे सारावी, आणि सहप्रवाशाला १३९ वर फोन करायला सांगावे. पुढच्या स्थानकात गाडी थांबताच स्टेशन मास्तरांना कळवावे. मोठ्या उपनगरी स्थानकांपैकी काहींवर तातडीचा वैद्यकीय कक्ष आहे. तेथील डॉक्टरांना कोसळल्याची वेळ, काय आढळले आणि काय केले हे सांगावे. चित्रण करणाऱ्यांना फोन खाली ठेवायला सांगण्याचा अधिकार त्या डब्यात तुम्हाला आहे, आणि लोक बहुधा ऐकतात.